नॉन-लीग क्लबचा इतिहास लिहायचाय? आधी मैदान कुणाच्या नावावर होतं ते बघा

छोट्या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायला घेणारे बहुतेक जण कपांपासून सुरुवात करतात. कुठल्या वर्षी काय जिंकलं, कुणी किती गोल केले, अशी यादी झाली की इतिहास झाला असं त्यांना वाटतं. मी वेगळा रस्ता सांगते. आधी क्लबचं मैदान शोधा. ते कुणाच्या नावावर होतं ते शोधा. मग ते नाव कधी आणि का बदललं ते शोधा. एवढं हाती आलं की कप कुठल्या पानावर घालायचे ते आपोआप कळतं.

मी तलाठी होते. दापोली आणि गुहागर तालुक्यांतल्या सजांवर नोकरी झाली, त्यामुळे जमिनीचा कागद वाचायची सवय हाडात मुरलेली आहे. लेक नर्स आहे, लंडनच्या पूर्वेला इलफर्डमध्ये राहते. तिच्याकडे राहायला गेले तेव्हा जावयाने सहज सांगितलं की स्वतंत्र भारताचा ऑलिंपिकमधला पहिला फुटबॉल सामना ह्याच गावात झाला. ३१ जुलै १९४८, फ्रान्सविरुद्ध. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, दोन पेनल्टी वाया गेल्या, सारंगपाणी रामनने बरोबरी साधून दिली आणि शेवटी आपण २-१ हरलो. मी विचारलं, इलफर्डचा स्वतःचा क्लब असेल ना? तो आता कुठे आहे? ह्याचं सरळ उत्तर घरात कुणालाच देता येईना. तिथून मी ह्या कामाला लागले आणि गुहागरला परत आल्यावरही ते सुटलं नाही. आता मोबाईलवर आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवर हे काम करते. इथे बसून हे सगळं करता येतं, म्हणून लिहिते आहे.

नॉन-लीग म्हणजे काय ते थोडक्यात. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग आणि तिच्याखालचे फुटबॉल लीगचे तीन विभाग मिळून ९२ क्लब आहेत. त्यांच्याखालचं सगळं नॉन-लीग. सगळ्यात वर नॅशनल लीग, मग तिचे नॉर्थ आणि साउथ विभाग, त्यांच्याखाली इस्थमियन, सदर्न, नॉर्दर्न प्रीमियर अशा लीगा, आणि त्याखाली काउंटी-काउंटीच्या. शेकडो क्लब आहेत. पुष्कळ खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि शनिवारी दुपारी तीनला मैदानात उतरतात.

क्लब निवडताना

ज्याच्याशी आपला काहीतरी धागा आहे असाच क्लब घ्या. हे काम रेंगाळतं, आणि धागा नसेल तर पावसाळा संपायच्या आत कंटाळा येतो. आपल्या किनाऱ्यावर धागे कमी नाहीत. श्रीवर्धन, दाभोळ, जयगड, रत्नागिरी ह्या पट्ट्यात घराघरांत कुणीतरी बोटीवर होतं. तुमच्या आजोबांची बोट टिलबरीच्या गोदीला लागत असेल तर टिलबरीचा क्लब घ्या. १८८९ चा क्लब आहे, गोदी कामगारांच्या वस्तीतला. १९७७-७८ च्या मोसमात तो एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) कपच्या तिसऱ्या फेरीपर्यंत गेला आणि स्टोक सिटीकडून ४-० हरला. त्याच स्टोकला पुढच्या फेरीत ब्लाइद स्पार्टन्स ह्या दुसऱ्या नॉन-लीग क्लबने त्यांच्याच मैदानावर ३-२ हरवलं. अशी एखादी नोंद सापडली की माणूस पुढचं पान उलटतोच.

नावांची साखळी

क्लब ठरला की पहिली पायरी म्हणजे त्याच्या नावांची साखळी. इथे मला आपला गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराचं रजिस्टर, फार उपयोगी पडलं. फेरफारात एक नाव कमी होतं, दुसरं चढतं, त्याला तारीख असते आणि कारण असतं: वाटणी, खरेदी, वारस, बक्षीसपत्र. क्लबचंही तसंच लिहायचं. वहीला चार रकाने आखा: तारीख, काय बदललं, का बदललं, कुठून कळलं. चौथा रकाना रिकामा असेल तर ती नोंद पेन्सिलीने लिहा. आपल्याकडे फेरफार धरला तरी नोटीस निघते, हरकतीला वेळ दिला जातो, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. एका ठिकाणी वाचलेली गोष्ट दुसरीकडून पक्की होईपर्यंत तीही पेन्सिलीतच राहू द्या.

इलफर्डची साखळी मी अशी लावली. क्लब १८८१ चा. १९०५ मध्ये इस्थमियन लीग स्थापन झाली तेव्हा सहा संस्थापक क्लबांत इलफर्ड होता. १९२९ आणि १९३० असे लागोपाठ दोनदा एफए अमॅच्युअर कप, म्हणजे हौशी क्लबांचा कप, जिंकला. १९७४ मध्ये, त्या कपाच्या अगदी शेवटच्या वर्षी, वेम्बलीवर बिशप्स स्टॉर्टफर्डकडून ४-१ हार. १९७९ मध्ये शेजारच्या लेटनस्टोन क्लबमध्ये विलीन, नवं नाव लेटनस्टोन/इलफर्ड. १९८८ मध्ये वॉल्थमस्टो अव्हेन्यू हा तिसरा क्लब त्यात आला. १९८९ मध्ये नाव रेडब्रिज फॉरेस्ट झालं. १९९२ मध्ये डॅगनम क्लबशी जोडणी होऊन आजचा डॅगनम अँड रेडब्रिज तयार झाला. तो २००७ मध्ये फुटबॉल लीगमध्ये चढला आणि २०१६ मध्ये परत नॉन-लीगमध्ये उतरला. मधल्या काळात, १९८७ मध्ये, इलफर्ड ह्याच नावाचा नवा क्लब वेगळा उभा राहिला, तो आजही क्रिकलफील्डच्या मैदानावर खेळतो.

आता नुसत्या कपांच्या यादीने हे बघा. इलफर्डचे दोन अमॅच्युअर कप, लेटनस्टोनचे १९४७, १९४८ आणि १९६८ चे तीन, वॉल्थमस्टो अव्हेन्यूचे १९५२ आणि १९६१ चे दोन. असे सात कप जिंकणारे तीन क्लब, त्यांतल्या वॉल्थमस्टोने १९५३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मँचेस्टर युनायटेडशी १-१ बरोबरी केलेली, आणि तिघांचीही जुनी नावं आजच्या क्लबच्या नावात नाहीत. असं का झालं? कपांची यादी ह्याचं उत्तर देऊ शकत नाही. उत्तर जागेत आहे. इलफर्डचं लिन रोडचं मैदान, लेटनस्टोनचं ग्रॅनली रोडचं, वॉल्थमस्टोचं ग्रीन पॉन्ड रोडचं, तिन्ही गेली आणि तिन्ही ठिकाणी आता घरं आहेत. लंडनमध्ये जागेचा भाव चढत गेला तसं मैदान विकून येणारा पैसा गेटवर जमणाऱ्या पैशाच्या कितीतरी पट झाला. मैदान गेलं की क्लब दुसऱ्याच्या मैदानावर भाड्याने जातो, आणि भाड्याने राहिलेला क्लब काही वर्षांत घरमालकाच्या नावात मिसळतो. हे मला लेकीच्या घराजवळच्या गल्ल्यांतून चालताना कळलं आणि तेव्हापासून मी कुठल्याही क्लबचं पहिलं पान जागेपासून उघडते.

मैदान कसं शोधायचं

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे फुकट आहेत. जुना नकाशा आजच्या उपग्रह चित्रावर ठेवून पट्टी सरकवली की खालचं वर, वरचं खाली असं बघता येतं. १८९० च्या सुमाराचा नकाशा उघडा, मग १९१० च्या आसपासचा, मग दोन युद्धांमधला. मैदानावर 'फुटबॉल ग्राउंड', 'क्रिकेट ग्राउंड', 'पॅव्हिलियन' असं लिहिलेलं असतं. कुठल्या नकाशात मैदान पहिल्यांदा दिसतं आणि कुठल्यात त्यावर घरांच्या रांगा आल्या, ह्यावरून काळाची दोन टोकं मिळतात. आपल्याकडचा गाव नकाशा ज्यांनी वाचला आहे त्यांना हे अवघड नाही. रेल्वे रूळ आणि चर्च पक्के धरा, ती हलत नाहीत. रस्त्यांची नावं बदलतात.

आजचा मालक कोण हे लँड रजिस्ट्रीच्या टायटल रजिस्टरवर मिळतं. थोडे पौंड भरावे लागतात, इथून कार्डाने भरता येतात. त्यात आपल्या फेरफारांसारखी मागची सगळी साखळी नसते, पण मालकाचं नाव, गहाण आणि जागेवरच्या अटी दिसतात. क्लब कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर ताळेबंद, संचालकांची नावं आणि कर्जाचे बोजे फुकट बघता येतात. बोजा कधी चढला, कधी उतरला ते पाहा. मैदान विकायच्या आधीच्या वर्षांत बोजा वाढत जाताना दिसतो. मैदानावर घरं बांधायची परवानगी मागितली असेल तर तो अर्ज स्थानिक कौन्सिलच्या संकेतस्थळावर असतो, लोकांच्या हरकतींसकट. त्या हरकती जरूर वाचा. तिथली म्हातारी माणसं आपण लहानपणी कुठल्या बाजूला उभे राहायचो ते त्यांत लिहितात, आणि ते दुसऱ्या कुठल्याही कागदावर नसतं.

अटींकडे विशेष लक्ष द्या. आपल्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा रकाना असतो, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो. विम्बल्डन क्लबची गोष्ट ह्या रकान्याची गोष्ट आहे. १८८९ चा हा क्लब नॉन-लीगमधूनच वाढला आणि १९७७ मध्ये फुटबॉल लीगमध्ये निवडून गेला. त्याच्या आधी, १९५९ मध्ये, अध्यक्ष सिडनी ब्लॅक यांनी प्लाऊ लेनचं मैदान कौन्सिलकडून ८,२५० पौंडांना घेतलं, तेव्हा अट होती की ही जागा खेळाशिवाय दुसऱ्या कामाला काढली तर कौन्सिल ती त्याच किमतीला परत घेऊ शकेल. पुढे नव्या मालकाच्या काळात कौन्सिलला पैसे देऊन ती अट उतरवली गेली. १९८८ मध्ये लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप उचलणारा क्लब १९९१ मध्ये दुसऱ्याच्या मैदानावर भाडेकरू झाला, प्लाऊ लेन एका सुपरमार्केट कंपनीला विकलं गेलं, आणि २८ मे २००२ रोजी क्लबला मिल्टन कीन्स ह्या दुसऱ्याच शहरात जायची परवानगी मिळाली. दोनच दिवसांनी चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन काढला. विम्बल्डन कॉमनवर खुली निवड चाचणी घेऊन संघ केला, नॉन-लीगच्या तळाशी सुरुवात केली, नऊ मोसमांत पाच वेळा वर चढून २०११ मध्ये फुटबॉल लीग गाठली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ते प्लाऊ लेन रस्त्यावरच्या नव्या मैदानात परत आले. १९५९ ची ती एक अट कागदावर तशीच राहिली असती तर हे सगळं वेगळं झालं असतं, असं मी माझ्या अनुभवावरून ठामपणे म्हणते.

अशी उदाहरणं बघत गेलं की नजर तयार होते. एनफील्ड क्लबने १९९९ मध्ये साउथबरी रोडचं मैदान विकलं आणि २००१ मध्ये चाहत्यांनी वेगळा एनफील्ड टाउन काढला. डलिच हॅम्लेट १८९३ चा, गुलाबी आणि निळ्या रंगाचा क्लब. त्यांचा एडगर केल हौशी खेळाडू असूनही १९२९ मध्ये इंग्लंडकडून तीनदा खेळला. मार्च २०१८ मध्ये जागेच्या मालकाने त्यांना चॅम्पियन हिल ह्या त्यांच्या मैदानातून बाहेर काढलं आणि क्लबच्या नावाची नोंदणीसुद्धा दुसऱ्याने करून ठेवल्याचं निघालं. लोकांनी एवढा आवाज उठवला की डिसेंबरमध्ये क्लब परत आला. क्लॅप्टन क्लबमध्ये भाऊबंदकी झाली. २०१८ मध्ये चाहत्यांचा वेगळा क्लॅप्टन कम्युनिटी क्लब निघाला आणि दोन वर्षांनी त्यांनी ओल्ड स्पॉटेड डॉग हे जुनं मैदानच खरेदी केलं. शेफील्डच्या हॅलम क्लबची गोष्ट मला सगळ्यात सुखाची वाटते. १८६० मध्ये ते ज्या सँडीगेटवर खेळायला लागले त्याच उतरत्या मैदानावर आजही खेळतात, आणि जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल मैदान म्हणून ते गिनीज बुकात आहे. मैदान राहिलं, म्हणून नावही तसंच राहिलं.

बढतीचा इतिहास लिहितानाही मैदान विसरू नका. नॉन-लीगमध्ये वर जायला गुण पुरत नाहीत, मैदानाची प्रत लागते: बसायच्या खुर्च्या, दिवे, फाटकं. १९९४ मध्ये किडरमिन्स्टर हॅरियर्स, १९९५ मध्ये मॅकल्सफील्ड टाउन, १९९६ मध्ये स्टीव्हनेज बरो, असे लागोपाठ तीन क्लब पहिले आले आणि मैदानाच्या कारणाने फुटबॉल लीगमध्ये गेले नाहीत. १९८७ च्या आधी तर वर जाणं मतांवर होतं, लीगमधले क्लब मत देऊन नव्याला आत घेत. हेरफर्ड युनायटेडने फेब्रुवारी १९७२ मध्ये चिखलाने भरलेल्या एडगर स्ट्रीटवर न्यूकॅसल युनायटेडला २-१ हरवलं, रॉनी रॅडफर्डचा लांबून मारलेला गोल इंग्लंडमध्ये अजून दाखवतात, आणि त्याच वर्षी हेरफर्ड मत मिळवून लीगमध्ये गेला. तुमचा क्लब पहिला येऊनही जागेवर राहिलेला दिसला तर त्याला कमनशिबी म्हणून पुढे जाऊ नका. कारण मैदान होतं की मत होतं, ते लिहा.

बायकांची पानं

डिसेंबर १९२० मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर प्रेस्टनच्या डिक, कर लेडीज संघाचा सामना बघायला सुमारे ५३,००० माणसं आली होती. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, एफएने आपल्या क्लबांना सांगितलं की बायकांच्या सामन्यांना मैदानं देऊ नका. जवळजवळ ५० वर्षं ही बंदी राहिली. बायकांना खेळू नका म्हणायची सुद्धा गरज पडली नाही, जागा काढून घेतली की झालं. म्हणून तुमच्या क्लबच्या मैदानावर १९२१ च्या आधी बायकांचा सामना झाला होता का, हे मुद्दाम शोधा. पहिल्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या मुलींचे संघ होते आणि धर्मादाय मदतीसाठी त्यांचे सामने होत. सापडला तर त्याला स्वतंत्र पान द्या. दोन ओळींत उरकू नका.

वर्तमानपत्रं आणि कागद

ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्हवर शोध घेणं फुकट आहे, बहुतेक पानं वाचायला वर्गणी लागते. आधी फुकटचा शोध घेऊन तारखांची यादी करा, मग एक महिन्याची वर्गणी भरा आणि तेवढ्यात उरका. तिथला मजकूर यंत्राने वाचलेला आहे, त्यामुळे अक्षरं चुकतात. क्लबच्या नावाने काही मिळालं नाही तर मैदानाच्या नावाने, रस्त्याच्या नावाने, सेक्रेटरीच्या आडनावाने शोधा. सामन्यांच्या बातम्यांपेक्षा वार्षिक सभेची बातमी जास्त सांगते: शिल्लक किती, देणं किती, भाडं वाढवलं कुणी. मोसम मे महिन्याच्या आसपास संपतो, म्हणून सभांच्या बातम्या मे ते जुलैच्या अंकांत बघायच्या.

सामन्याच्या दिवशी विकल्या जाणाऱ्या छापील पुस्तिका, ज्यांना तिकडे प्रोग्रॅम म्हणतात, त्या जुन्या वस्तूंच्या लिलावात स्वस्तात मिळतात आणि विकणाऱ्याने टाकलेला फोटोही पुष्कळदा पुरतो. संघाच्या नावांपेक्षा जाहिराती वाचा. कुठला कसाई, कुठला सायकलवाला, कुठला पब क्लबला पैसे देत होता, ह्यावरून वस्ती कळते.

हिशेब वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९७४ पर्यंत इंग्लंडमध्ये हौशी आणि व्यावसायिक असा कागदोपत्री भेद होता. इस्थमियन लीगचं ब्रीद 'मान पुरेसा' अशा अर्थाचं होतं, विजेत्याला पदकही देत नसत. पण चांगला खेळाडू टिकवायला त्याच्या बुटात गुपचूप पैसे ठेवायची पद्धत होती आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून हौशी क्लबच्या जुन्या हिशेबात 'प्रवासखर्च' फार मोठा दिसला तर थांबून बघा. आरोप करू नका. आकडा द्या, त्या काळातली पद्धत सांगा, बाकी वाचणाऱ्याला समजतं.

आणि क्लबकडे कागद शिल्लक आहेत का ते आधी विचारा, कारण कागदही विकले जातात. शेफील्ड एफसी हा २४ ऑक्टोबर १८५७ रोजी स्थापन झालेला जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब. नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट यांनी काढलेला. इतका जुना, पण स्वतःच्या मालकीचं मैदान त्याला २००१ मध्ये मिळालं, तेही शहराबाहेर, ड्रॉनफील्डला. २०११ मध्ये क्लबने हाताने लिहिलेल्या नियमांसकट आपलं जुनं दप्तर लंडनमध्ये लिलावात काढलं आणि त्याला ८,८१,२५० पौंड आले. जागेसाठी पैसा हवा होता. त्यांना मी दोष देत नाही, पण दप्तर जाण्याआधी त्याची नक्कल निघाली पाहिजे, एवढं मला मनापासून वाटतं.

स्थानिक वाचनालयांना ईमेल करा. इलफर्डच्या रेडब्रिज सेंट्रल लायब्ररीत स्थानिक इतिहासाचा विभाग आहे, असे विभाग बहुतेक ठिकाणी असतात. ईमेल लहान ठेवा, एका वेळी एकच प्रश्न, आणि आपण कोकणातून का विचारतो आहोत ते एका वाक्यात सांगा. ते वाक्य वाचून माणसं आपुलकीने उत्तर देतात.

माणसांशी बोलताना

क्लबच्या जुन्या माणसांशी फोनवर बोलायचं तर वेळ सांभाळा. हिवाळ्यात तिकडची दुपारी तीनची वेळ म्हणजे आपली रात्री साडेआठची, उन्हाळ्यात साडेसातची. शनिवारी ह्या वेळेला कुणालाही फोन करू नका, सगळे मैदानावर असतात. रविवारी आपली संध्याकाळ बरी.

'तुमच्या लक्षात राहिलेला सामना कोणता' असं विचारलं की सगळे एकच सामना सांगतात. त्याऐवजी जागेबद्दल विचारा. कपडे कुठे बदलायचात? पाऊस पडला की पाणी कुठल्या कोपऱ्यात साचायचं? चहा कोण करायचं? रेषा कोण आखायचं? चाव्या कुणाकडे असायच्या? जागेचा प्रश्न विचारला की माणूस त्या मैदानात परत चालायला लागतो, आणि वाटेत भेटलेल्यांची नावं सांगत जातो. जिवंत माणसांची नावं छापण्याआधी त्यांची परवानगी घ्या.

ही पद्धत आपल्या वाडीच्या मंडळालाही तशीच लागू पडते, आणि ते कामही कुणीतरी करावं अशी माझी फार इच्छा आहे. भात कापून झालं की कुणाच्या तरी मळ्यात खेळपट्टी तयार होते, फक्की मारली जाते, मे महिन्यात चाकरमानी आले की स्पर्धा होते. तो मळा कुणाचा? किती पिढ्या देत आले? कधी बंद झालं आणि तिथे आता आंब्याची कलमं आहेत की बंगला? मंडळाची पावती पुस्तकं आणि ठरावाची वही कुणाच्या तरी माळ्यावर आहेत. आपल्या हवेत कागदाला बुरशी आणि वाळवी फार लवकर लागते, म्हणून ऊन पडलं की ती खाली काढून पानापानाचे फोटो घ्या.

लिहायला बसताना

वर्षांप्रमाणे प्रकरणं पाडू नका, मैदानांप्रमाणे पाडा. पहिलं मैदान, दुसरं मैदान, दुसऱ्याच्या घरातली वर्षं, क्लब परत आला असेल तर ते. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला त्या मैदानाचा नकाशा, मालक आणि भाडं द्या. मग तिथे जिंकलेलं-हरलेलं सांगा. दोन्ही युद्धांच्या काळात नेहमीच्या स्पर्धा थांबल्या होत्या, ती रिकामी वर्षं भरायच्या नादी लागू नका, क्लबचे कोण परत आले नाहीत एवढं मिळालं तर लिहा. निकालांचे तक्ते शेवटी एकत्र घाला.

विलीन झालेल्या क्लबांना त्यांचं त्यांचं पान द्या. डॅगनम अँड रेडब्रिजचा इतिहास १९९२ पासून सुरू केला तर तो सोपा होतो, पण १८८१ चं इलफर्ड, १८८६ चं लेटनस्टोन, १९०० चं वॉल्थमस्टो अव्हेन्यू आणि १९४९ चं डॅगनम ह्यांना मग कुठेच घर उरत नाही.

लिहून झालं की मसुदा आधी क्लबच्या सेक्रेटरीला आणि जुन्या दोघा-तिघांना पाठवा, हरकती मागवा, पंधरा दिवस थांबा. हरकत आली तर मजकूर लगेच खोडू नका, तिला कागदाचा आधार विचारा आणि दोन्ही बाजू नोंदवा. मग पेन्सिलीतल्या ज्या नोंदी पक्क्या झाल्या त्या शाईने करा, न झालेल्या काढून टाका. इंग्रजीत छोटा सारांश जोडा, म्हणजे तिकडच्यांनाही वाचता येईल. एक प्रत क्लबला, एक तिथल्या वाचनालयाच्या स्थानिक इतिहास विभागाला आणि एक आपल्या तालुक्याच्या वाचनालयाला द्या. सोबत तुमच्या चार रकान्यांच्या वहीची झेरॉक्सही द्या, पुढचा माणूस तिथूनच सुरू करील.